टॉवेल-टोपीचा रुसवा

जुन्या-नव्या स्प्रिंकलरच्या पाइपांचा माझा धंदा आहे. किन्हीराजाजवळच्या एका वस्तीवरून मी निघालो तेव्हा माझ्याकडे एक सायकल आणि एक तिखट जीभ होती. सायकल पुढे चोरीला गेली. जिभेवर शेलूबाजारात दुकान उभं राहिलं.

या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो. माणूस पाइप विकत घेत नाही, शेजाऱ्याच्या शेतातला पाइप विकत घेतो. नव्या गावात शिरायचं असलं की मी रस्त्याला लागून असलेलं शेत शोधतो आणि त्या शेतकऱ्याला जवळजवळ फुकटात संच देतो. त्याच्या हरभऱ्यावर पाणी उडायला लागलं की आठवड्याच्या आत बाकीचे दुकानात येतात. त्यांना तोच पाइप, तेच नोझल, तोच रंग हवा असतो. एका गावात पहिल्या गिऱ्हाइकाला चुकून निळ्या पट्ट्याचा माल गेला. आज त्या गावात दुसऱ्या पट्ट्याचा पाइप फुकट वाटला तरी कोणी उचलणार नाही. कारण विचारा, एकालाही सांगता येत नाही. "आमच्या गावात निळाच चालते," एवढंच सांगतात, आणि असं सांगतात की जणू शिवारातली माती बोलून राहिली.

मला याची फार गंमत वाटायची. सगळं शिवार म्हणजे मेंढरांचा कळप आणि मी एकटा मेंढपाळ, अशी माझी पक्की समजूत होती. या मेंढपाळाने स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी सात वर्षं अबोला धरला, तो एका टोपीवरून.

आमच्याकडच्या लग्नांतली टॉवेल-टोपी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लग्न लागलं की माइकवर एकेका मानकऱ्याचं नाव पुकारतात. तो गर्दीतून वाट काढत, नको नको म्हणत, पण पाय न थांबवता पुढे येतो. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवतात, खांद्यावर टॉवेल टाकतात, हातात नारळ देतात आणि कपाळाला कुंकू लावतात. टॉवेल असा असतो की त्याने अंग पुसलं तर पाणी अंगभर पसरतं, टिपलं जात नाही. टोपी एकदा घडी मोडली की परत टोपीसारखी दिसत नाही. ती कोणी घालत नाही, टॉवेल कोणी वापरत नाही. घरी नेऊन पेटीत ठेवतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर चढवतात. माझ्याच बायकोने हळदीचा डाग पडलेला एक टॉवेल चुलत सासऱ्याला दिला होता. तीन वर्षांनी मालेगावच्या एका लग्नात तोच टॉवेल माझ्या खांद्यावर परत आला. मी तो डाग ओळखला, हात जोडले आणि आनंदाने फोटो काढून घेतला.

म्हणजे वस्तूची किंमत शून्य, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. किंमत असते ती माइकची.

सात वर्षांपूर्वी अनसिंगला माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाला मी एकच मामा. आई-वडील गेल्यावर अक्कानेच मला भाकरीला लावलं, तेव्हा तिच्या घरचं कार्य म्हणजे माझंच कार्य. मी पांढरा शर्ट घालून सकाळपासून राबत होतो. लग्न नेहमीप्रमाणे दोन तास उशिरा लागलं. तेवढ्यात जनरेटरवाला मंडपामागे अडून बसला. म्हणे, वेळ वाढला, जादा पैसे द्या, नाहीतर मशीन बंद करतो. भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, भोळा माणूस. मी त्यांना म्हटलं, तुमी स्टेजवर थांबा, याले मी पाह्यतो. मंडपामागे गेलो. मशीन धडधडत होतं, स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून मी दुप्पट ओरडून घासाघीस केली. त्याच्या बापापासून डिझेलपर्यंत सगळं काढलं. वीस मिनिटांत तो ठरल्या भावावर आला. मी विजयी होऊन मंडपात परतलो.

माइकवर एक निवृत्त गुरुजी होते. ते प्रत्येक माणसाला तीन विशेषणं लावत. मी आलो तेव्हा कृषी केंद्रवाल्याला टोपी चढत होती. मग जीपवाला. मग मुख्य आचारी, जो हात पुसत धावत आला. मग गुरुजी म्हणाले, "सत्काराचा कार्यक्रम इथेच संपला असं मी जाहीर करतो. मंडळींनी जेवणाचा आस्वाद घ्यावा."

आचाऱ्याला टोपी आणि सख्ख्या मामाचं नाव नाही.

तेव्हा मी एक शब्द विचारला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण आमच्याकडे मान विचारत नाहीत. विचारणं म्हणजे मागणं, आणि मागून घेतलेल्या मानापेक्षा न मिळालेला मान बरा. पाइपाच्या एका तुकड्यासाठी गिऱ्हाइकाशी अर्धा तास भांडणारा मी तिथे तोंड शिवून उभा राहिलो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं.

मी रुसलो. रुसण्याचीही एक रीत असते. रुसलेल्याने फाटकाकडे हळू चालायचं, म्हणजे लोकांना पकडायला वेळ मिळतो. दोघं दंड धरतात, तिसरा म्हणतो, "असं कायले करता भाऊ, लहान-मोठं होते." रुसलेला तीनदा हात झटकतो, मग परत येतो आणि पंगतीत त्याला सगळ्यांत आधी वाढतात. मी रीतीप्रमाणे हळू चाललो. दोनदा थांबून चपलेचा पट्टा नीट केला. मागे कोणी नव्हतं. जेवण सुटलं होतं आणि सगळा मंडप ताटांकडे पळाला होता. मोटारसायकलजवळ पोहोचलो. गाडीला बटण होतं, तरी मी किका मारल्या. नऊ की दहा. शेवटी गाडीच माझ्यापेक्षा समंजस निघाली आणि सुरू झाली. अक्काच्या दारातून न जेवता मी निघून आलो.

पुढची सात वर्षं मी एकट्याने रुसवा धरला असता तर तो महिन्यात विरला असता. पण आमच्याकडे रुसवा एकट्याचा राहत नाही, त्याला भाऊबंद खतपाणी घालतात. आठवडाभरात दुकानात पाइपांच्या गुंडाळ्यांवर बैठक बसायला लागली. चुलत काका, साडू आणि गावाकडचे दोन शहाणे.

"बरं केलं भाऊ तू," साडू म्हणाला. "आपल्याले काय टोपीची हाव हाय का?"

"सवालच नाही."

"पन इज्जत हाय ना! इज्जत हाय!"

"आता झुकू नको," काका म्हणाले. "जो पहिले जाते, तो जिंदगीभर झुकते."

चहा माझाच असायचा. काकांचं अनसिंगलाही जाणं-येणं होतं. ते तिकडचे निरोप इकडे आणि इकडचे तिकडे नेत, आणि वाटेत त्यांना तिखट-मीठ लावत. त्यांनी मला सांगितलं, अक्का म्हणते, गेला तर गेला, उडत जा म्हना. मी फक्त "पाहू" म्हणालो होतो. ते तिला जाऊन म्हणाले, तो म्हणते, तुह्या दारात मेलो तरी पाय ठेवत नाही.

पहिल्या वर्षी राखी पोस्टाने आली. मी ती बांधली नाही आणि फेकलीही नाही. बायकोने देव्हाऱ्यात ठेवली. दुसऱ्या वर्षापासून ती आली नाही. तेव्हा मी बैठकीत म्हणालो, पाहा, तिलाच गरज नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. आपण बोललेलं वाक्य चार मानांवरून परत आलं की ते खरं वाटायला लागतं, हे मला निळ्या पट्ट्याच्या गावात कळायला हवं होतं.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मी मनाशी बेत केला की या लग्नात टॉवेल-टोपी बंद. पत्रिकेत चौकट टाकून छापलं, 'टॉवेल-टोपीचा मान दिला-घेतला जाणार नाही.' बैठकीत मी याला समाजसुधारणा म्हणालो. बैठकीने माना हलवल्या. खरी गोष्ट अशी, की नाव न पुकारलेल्या माणसाला कसं वाटतं याची चव मला सगळ्या सोयऱ्यांना एकदम द्यायची होती.

मुलीने पत्रिका वाचली आणि बाजूला ठेवली.

"बाबा, मले आत्या पाह्यजे."

"पत्रिका पाठवतो मोबाइलवर."

"हळद आत्या लावते. मोबाइल लावन का?"

"तिनं पहिले बोलाले पाह्यजे."

"तुमी अख्ख्या तालुक्याले भावात हरवता. मी काही मांगलं नाही, ना गाडी, ना दागिना. एक आत्या आनून द्या."

मी म्हटलं, काकांना पाठवतो. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, तुझी आई जाईल. ती म्हणाली, नाही. तुमी जेवल्याबिगर आलते, तुमीच जाऊन जेवून या. यावर मला उतरवता येईल अशी काही किंमतच तिने लावली नव्हती. मी चिडलो, दोन ताटल्या आपटल्या. ती शांतपणे म्हणाली, मग हळद नको. तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि कळलं, ही बोलते ते करते. माझीच मुलगी.

मी काकांना न सांगता निघालो. वाशिम ओलांडून अनसिंगला पोहोचलो तेव्हा अक्का ओसरीवर डाळ पाखडत बसली होती. केस सगळे पांढरे झाले होते. तिने वर पाहिलं, सूप थांबवलं नाही.

"इकडं एक जुना संच पाह्याले आलतो," मी म्हटलं. "म्हटलं वाटेतच हाय."

अनसिंग माझ्या कुठल्याही वाटेत येत नाही, हे तिलाही माहीत आहे.

"पाहुन्याईले पानी दे व," ती सुनेला म्हणाली.

पाहुणा. ज्याचं नाक तिने पदराने पुसलं होतं, तो पाहुणा. मी पाणी प्यायलो. पत्रिका पुढे केली. तिने चष्मा लावून ती मंगलाष्टकासारखी वरपासून खालपर्यंत वाचली आणि चौकटीवर बोट ठेवलं.

"टॉवेल-टोपी बंद काहून?"

"सुधारणा."

"ज्याले भेटली नाही तोच सुधारते का रे?"

झालं. सात वर्षांचा दाबून ठेवलेला पाइप फुटला. "भेटली नाही काय म्हन्तं? देल्ली नाही! आचाऱ्याले देल्ली, जीपवाल्याले देल्ली, आन् सख्ख्या भावाले..."

"ओरडू नको," अक्का म्हणाली. "इथं जनरेटर नाही."

जनरेटरचं हिला काय, हे मला कळेना. ती सुनेकडे वळली. "लाव व तो व्हिडिओ."

सुनेने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. तिला पुढे-मागे शोधावं लागलं नाही. बोट सरळ त्या जागेवर गेलं, जसं रोजच्या पोथीचं पान उघडावं. पडद्यावर स्टेज. गुरुजी माइकवर म्हणत होते, "नवरदेवाचे सख्खे मामा, सन्माननीय, आदरणीय, मनमिळाऊ, शेलूबाजारवाले..." आणि पुढे माझं नाव. ठणठणीत. अक्का स्टेजच्या कडेला ताट धरून उभी. ताटात टॉवेल, टोपी, नारळ. ती टाचा उंच करून गर्दीत पाहत होती. गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. भाऊजींनी हातानेच विचारलं, आला नाही का अजून? तिसऱ्यांदा पुकारलं. अक्का तशीच उभी. मग गुरुजींनी यादीवर पुढचं नाव घेतलं आणि तिने ताट बाजूला ठेवलं, खाली नाही, एका खुर्चीवर, वर स्वतःचा रुमाल झाकून.

मग दृश्य बदललं. मंडपावर त्या दिवशी ड्रोन घोंघावत होतं. वरून मंडप दिसला, मंडपामागे जनरेटर, आणि जनरेटरसमोर पांढऱ्या शर्टाचा एक माणूस दोन्ही हात हवेत फेकून नाचल्यासारखं करत होता.

"हे तुमीच ना मामाजी?" सून म्हणाली. तिने पदर तोंडावर घेतला होता.

पुढे तोच पांढरा शर्ट फाटकाकडे निघाला. थांबला. चपलेशी वाकला. मागे पाहिलं. चालला. परत वाकला. मग मोटारसायकल. वरून पाहिलं की किका मारणारा माणूस फार लहान दिसतो.

"गाडीले बटन नव्हतं का मामाजी?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उलट भाव नव्हता.

"सात वर्षं झाली," अक्का म्हणाली. "आल्या-गेल्याले दाखवला. एक तुलेच दाखवाचा राह्यला होता."

"काकाले?"

"काकाले दोनदा. दुसऱ्यांदा त्याईनंच मांगला, चहासंग."

"साडूले?"

"तो तर हासून हासून खाली पडला."

म्हणजे माझ्या दुकानात गुंडाळ्यांवर बसून, माझा चहा पिऊन, 'झुकू नको' म्हणणाऱ्या सगळ्यांनी मला ड्रोनमधून पाहिलेलं होतं. आणि एकानेही सांगितलं नाही. सांगणाऱ्याचा दोन्हीकडचा चहा बंद झाला असता. त्या क्षणी मला त्यांचा संताप यायला हवा होता, आला. पण त्यांच्या जागी मी असतो तर? मीही दुसऱ्यांदा लावायला सांगितला असता.

"तू काहून नाही आली सांगाले?" मी विचारलं.

सूप आता थांबलं होतं. "सासरे म्हने, ज्यानं आपल्या दारचं अन्न टाकलं त्याच्या दारात जाची नाही. बाया म्हने, तू थोरली, तू पहिले बोलू नको. मले वाटे, जाऊन तुह्या कानाखाली एक द्यावी आन् घेऊन यावं. पन चार जनी म्हने नको." तिने बोटांवर मोजलं. "चार जनीच होत्या रे. मोजल्या तर चारच."

मग तिने बातमी अशी दिली की मागचं सगळं त्यापुढे हलकं वाटलं. "आन् तो जनरेटरवाला. तू गेल्यावर त्यानं तुह्या भाऊजीकडून जादाचे पुरे पैसे घेतले."

मी मनातल्या मनात ते पैसे मोजले.

ती आत गेली. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा हातात तेच होतं. टॉवेल प्लॅस्टिकमध्ये, टोपी त्यावर. सात वर्षांत तिच्या घरातून किती लग्नांना टॉवेल-टोप्या गेल्या असतील. ही पुढे गेली नव्हती. नारळ तेवढा नव्हता. "वाळून गेला होता," ती म्हणाली, "मारुतीले फोडला." तिने टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली, टॉवेल खांद्यावर टाकला, कुंकवाचं बोट लावलं. मी तिच्या पाया पडलो. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगतो. उठल्या उठल्या माझी मान आपोआप रस्त्याकडे वळली. कोणी पाहतंय का?

रस्त्यावर एक शेळी होती.

सात वर्षं ज्याच्यासाठी जळलो, ते मिळालं, आणि शेळीखेरीज साक्षीदार नाही. मला वाटलं हा माझाच कोतेपणा. तेवढ्यात अक्का भिंतीजवळ गेली आणि शेजारच्या अंगणात ओरडली, "अवं माय, इकडं ये ना जरा! माहा भाऊ आला पाह्य!" शेजारीण हातातलं पीठ झटकत आली. मागून तिची जाऊ आली. सुनेने मोबाइल वर धरला. "मामाजी, टोपी सरकली. हां, आता. ग्रुपवर टाकते." मी टोपी सरळ केली. पोटही आत घेतलं.

मग मी जेवलो. भाऊजी शेतातून आले आणि माझ्या बाजूला पाट टाकून बसले. वरण, भाकर, वांग्याची भाजी. जेवताना अक्काने अट सांगितली.

"येते. हळद लावते. पन तुह्या माइकवर पहिलं नाव माहं आन् तुह्या भाऊजीचं."

"पत्रिकेत छापलं ना, बंद म्हून."

"मंग मी आन् माही सुधारणा घरीच बसतो."

"दुसरं नाव घेतो. पहिलं देवाचं."

"देव रुसत नाही. पहिलं माहं."

"बरं, पहिलं. पन फक्त तुमचंच, बाकी कोनाचं नाही."

"आन् मंग काका?" भाऊजी पहिल्यांदा बोलले. "साडू? त्याईनं किका मारल्या तर?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एक नाव पुकारलं की शंभर पुकारावी लागतात. मी आयुष्यात इतक्या लवकर कधी सौदा मान्य केला नाही.

वाशिमपर्यंत मोबाइल थरथरत राहिला. ग्रुपवर काकांचा अंगठा सगळ्यात आधी आला होता. साडूने हात जोडलेले टाकले आणि खाली लिहिलं, 'रक्ताचं नातं.' मी उत्तर दिलं नाही. पण कोणाचा अंगठा आला नाही, ते मात्र सिग्नलला थांबून पाहिलं.

बाजारात कापडाच्या ठोक दुकानात शिरलो आणि टॉवेल-टोप्या पाहिजेत म्हटलं. लग्नघरातलं गिऱ्हाईक ओळखून दुकानदाराने विचारलं, "वापराचे दाखवू, का द्यायचे?"

"द्यायचे," मी म्हणालो. "दोनशे." अर्धा तास त्याच्याशी भांडून भाव खाली आणला. तो पिशव्या बांधायला लागला तेव्हा म्हटलं, "आणि एक जोड वापराचा दाखव. चांगला. पाणी टिपणारा. आणि एक लुगडं, ते पण वापराचं."

त्याने भाव सांगितला. मी घासाघीस केली नाही. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. टोपी अजून तिथेच होती.